काकाजींचा विस्तव आणि माझी डबी

बावनकर काकाजींच्या अंत्ययात्रेत मडकं रिकामं न्यायला लावलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला काडेपेटी आमच्या ओट्यावर काढून ठेवायला सांगितलं, ते मी. दोन्ही गोष्टी मी आपणहून केल्या, मोठ्या आवाजात केल्या, आणि करताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

आमच्याकडे माणूस घरून निघाला की विस्तवही घरूनच निघतो. मुलगा पुढे, त्याच्या हातात मडकं, मडक्यात धुमसती गोवरी. आता शववाहिनी आली, पण मडकं सुटलेलं नाही. मुलगा ते मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसतो. काकाजींचा मुलगा प्रकाशही तसाच बसला होता, फक्त त्याच्या मांडीवरचं मडकं थंड होतं. कारण मी जाहीर केलं होतं, "विस्तव घाटावर पाडायचा. काकाजीची शेवटची इच्छा हाय. जबाबदारी माझी." आणि शर्टाच्या खिशावर थाप मारली होती. खिशात डबी होती.

त्या डबीने माझं काय केलं ते सांगायचं तर आधी काकाजी सांगावे लागतील.

काकाजी दुर्गजवळच्या स्टील प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसला, लोखंड वितळवायच्या भट्टीवर होते. संसार सगळा सेक्टर सहाच्या क्वार्टरात झाला, आणि रिटायर झाल्यावर त्यांनी स्मृती नगरला आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. अंगाने वाळल्या शेवग्याच्या शेंगेसारखे. पायात मात्र कायम प्लांटचे सेफ्टी शूज. लग्नाला तेच, मयतीला तेच, सकाळी दुधाच्या पिशव्या आणायलाही तेच. "पायात लोखंड असलं का माणूस उडत नाई," म्हणायचे. हे मला उद्देशून असे, कारण मी थोडा उडतो.

मी दुर्ग स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसतो. गाडी कुठे आहे हे मला दर वेळी माहीत असतंच असं नाही, पण सांगतो मी दर वेळी. काकाजी मला नावाने कधी हाक मारायचे नाहीत; 'चौकशीबाबू' म्हणायचे. माझ्या बायकोला, मंदाला, 'सूनबाई'.

त्यांची बोलायची एक तऱ्हा होती. काही सांगायचं झालं की उजवा तळवा तोंडाला आडवा धरायचे, इकडेतिकडे बघायचे, आणि घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "तुलेच सांगून राहिलो. कोणाले सांगू नको." मग सांगायचे ते काय, तर चौकातला भाजीवाला शिळी मेथी पाण्यात बुडवून ताजी करतो. आमच्या लाइनीत प्रत्येकाकडे काकाजींचं एकेक खाजगी गुपित होतं. बऱ्याच जणांकडे मेथीचंच होतं. हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण तळवा आडवा धरून कोणी आपल्या कानाशी आलं की आपल्याला वाटतं, आपला कान काही वेगळा असणार.

काकू गेल्या तो पावसाळा होता. लाकडं ओली, हवा ओली. मडक्यातली गोवरी वाटेतच विझली. कोणीतरी काडेपेटी काढली. काड्या मऊ पडलेल्या. शेवटी प्रकाशने घाटावरचा रॉकेलचा डबा उचलला आणि उपडा केला. भडका उडाला, काम झालं. त्यात प्रकाशचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सगळीकडे असंच करतात. काकाजी मात्र तिथून मागे सरकले ते थेट फाटकापर्यंत गेले. नंतर पुष्कळ दिवसांनी त्यांनी मला ते सांगितलं, आणि तेव्हा तळवा आडवा धरला नव्हता.

"तिले रॉकेलचा वास सहन होत नव्हता, चौकशीबाबू. स्टोव्ह पेटवताना नाकाले पदर लावे. अन् मी? जिंदगीभर आगीपुढं उभा राहिलो मी. लोखंडाचं पाणी केलं. अन् बायकोच्या वेळेस मले एक ठिणगी नाई देता आली."

काकाजींच्या आयुष्यात मग आग नव्याने शिरली. त्यांनी ठरवलं, आपल्याला रॉकेल नको, काडेपेटी नको. आपल्या हाताने तयार केलेला विस्तव पाहिजे.

सकाळी आम्ही फिरायला जायचो. एक दिवस सेक्टर सहाच्या रस्त्यावर ते मधोमध थांबले. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याने काय म्हटलं ते लिहिता येणार नाही. काकाजी एका मेलेल्या गुलमोहराकडे बघत होते. बुंध्यावर लाकडासारखं टणक, तपकिरी, अर्धगोल असं काहीतरी उगवलेलं होतं. पावसात कुजक्या खोडांवर छत्र्या येतात, त्यांतलीच एक, पण वर्षानुवर्षं खोडाला चिकटून राहणारी.

"झाडाले कान फुटले," काकाजी म्हणाले.

"काकाजी, ते भूछत्र हाय. खाऊ नका."

"खाले कोण म्हणते? याच्यात आग राहते." आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं, दार वाजवावं तसं. मग तळवा आडवा झाला. राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीत ते नवीन लागले असताना एक गोंड म्हातारा होता म्हणे. काडेपेटी जवळ बाळगत नसे. दगडावर लोखंड मारायचा, ठिणगी असल्या कानाच्या चिंधीवर झेलायचा, आणि चिलीम पेटवायचा. मरताना त्याने ही विद्या एकट्या बावनकरला दिली. "तुलेच सांगून राहिलो."

मी ही गोष्ट त्याच दिवशी चौकशीच्या खिडकीतून तीन गाड्यांच्या प्रवाशांना सांगितली. पुढे ती मी इतक्या वेळा सांगितली की म्हाताऱ्याच्या चिलमीवर पितळेची कडी आली, त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं. ते सगळं माझं. काकाजी ऐकत बसायचे आणि मान डोलवायचे, जणू त्यांनाही आत्ताच आठवलं.

विद्या मात्र होती, आणि काकाजींनी ती माझ्यादेखत केली. तो कान सुरीने तोडून आणायचा. वरची कवटी खरवडून टाकायची, खालचा भोकाभोकाचा थर काढायचा, आणि मधला उदी रंगाचा, बोटाला मखमलीसारखा लागणारा गर तेवढा ठेवायचा. त्याच्या पातळ चकत्या करायच्या. चुलीतली राख पाण्यात कालवून, निवळून, त्या पाण्यात चकत्या उकळायच्या. ज्या कपड्याला राखेचं पाणी लागतं तो कसा भुसभुशीत होतो, तसा हा गर होतो. मग धुवायचा, सावलीत वाळवायचा, आणि मोगरीने, म्हणजे कपडे बडवायच्या लाकडी बडवण्याने, हळूहळू बडवत राहायचं. बडवून बडवून तो पसरतो, मऊ होतो, हरणाच्या कातड्यासारखा दिसायला लागतो. झाली चिंधी तयार. शिवनाथच्या पात्रातली गारगोटी आणि जुन्या कानशीचा तुकडा एकमेकांवर घासून मारला की ठिणगी उडते. ती चिंधीवर पडली की एक लाल टिंब दिसतं. ज्वाळा नाही, धूर जवळजवळ नाही. नुसतं टिंब, आणि ते सरकत सरकत मोठं होतं. ते नारळाच्या शेंडीत ठेवायचं आणि फुंकायचं.

"हळू फुंक," ते म्हणायचे. "बायकोच्या कानात बोलून राहिला असं फुंक. तू तं प्लांटच्या भोंग्यासारखा फुंकते."

मी शिष्य झालो. कोणी सांगितलं नव्हतं, झालो. पहिल्याच रविवारी काकाजींना खूश करावं म्हणून मी राखेचं पाणी आणि चकत्या घरच्या कुकरमध्ये लावल्या. चुलीवर दुपार जाते, कुकरला चार शिट्ट्या, असा माझा हिशेब. दुसऱ्या शिट्टीला राखाडी फेस वरून बाहेर आला, तिसरी शिट्टी झालीच नाही, आणि मग जे झालं ते छतावर अजून दिसतं. मंदा बाजारातून आली तेव्हा मी ओट्यावर उभा राहून छत पुसत होतो.

"हे काय हाय?"

"आग."

"आग अशी वल्ली असते का?"

काकाजी धावत आले, छत पाहिलं, मला पाहिलं, आणि मंदाला म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून हा किचनमध्ये दिसला तर मले आवाज दे." मंदा हसली. त्या हसण्यात मला काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, माझं कसं निस्तरायचं यावर दोघांचं एकमत झालंय. ते तर खरंच होतं.

दुसरी गोष्ट अशी. त्या होळीला आमच्या लाइनीची होळी काकाजींनी पेटवली. मी सबंध कॉलनीत सांगून ठेवलं होतं, त्यामुळे गर्दी बरी जमली होती. काकाजींनी एका झटक्यात ठिणगी पाडली, टिंब फुललं, शेंडीने पेट घेतला. टाळ्या पडल्या. मी भारावून त्यांच्याकडे बोटाच्या पेराएवढी चिंधी मागितली. त्यांनी देऊ नये तेवढ्या मायेने दिली.

दुसऱ्या दिवशी मी ती ड्यूटीवर नेली. पार्सलवाल्यांना, कुलींना, चहावाल्याला, ज्याला वेळ होता आणि ज्याला नव्हता त्या सगळ्यांना करून दाखवलं. टिंब चिमटीत दाबलं, विझलं असं समजून शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिडकीत बसलो. एक बाई तिकडून विचारत होत्या, गाडी किती लेट आहे. मी म्हणालो, "पाऊण तास, मॅडम."

त्या म्हणाल्या, "भैया, आप जल रहे हो."

मला वाटलं, टोमणा आहे. आमच्या खिडकीवर लोक टोमणे मारतातच. मग छातीला चटका बसला. खिसा गेला, बनियन गेलं, आणि छातीवर एक रुपयाएवढा डाग राहिला तो आहेच.

काकाजींनी डाग पाहिला. हळद लावली. हळद लावताना म्हणाले, "धूर दिसत नाई म्हणून विझलं समजू नये, बाबू. याचा गुणच तो हाय." आणि मग बराच वेळ माझ्याकडे एकटक बघत राहिले. वजन करताना काट्याकडे बघतात तसे. त्या बघण्याचा अर्थ मी चुकीचा लावला. मला वाटलं, गुरू शिष्याला पारखून घेतोय. पारखतच होते.

त्यानंतर काकाजी मला कामं सांगायला लागले, आणि ती सगळी लांबची असत. रसमड्याला एका कारखान्याच्या मागे मेलेला आंबा आहे, त्याला मोठमोठे कान आहेत, ते बघून ये. मी सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून रसमड्याला गेलो. गेटवरच्या वॉचमनला आंबा विचारला. त्याने दुसऱ्या गेटला पाठवलं. दुसऱ्याने तिसऱ्या. आंबा काही सापडला नाही. एक निरोगी कडुलिंब सापडला, त्याला कान नव्हते. परत आलो तर काकाजी आमच्याच मागच्या अंगणात खुर्ची टाकून चहा पीत होते.

"नाई भेटला? मंग कापला असंन त्याइनं," ते म्हणाले, आणि कपात बघत राहिले.

त्याच दिवसांत मंदाने एक मोगरी विकत आणली. आमच्याकडे वॉशिंग मशीन आहे. मी विचारलं, मोगरी कावून? म्हणाली, चादरी मशीनमध्ये साफ निघत नाहीत. मला पटलं. ड्यूटीवरून लवकर आलो की कधीकधी मागच्या अंगणातून टप् टप् आवाज यायचा, आणि मी मनात म्हणायचो, किती राबते बिचारी. त्याच सुमारास किचनच्या वरच्या फळीवर तांदळाची एक छोटी बरणी आली. एकदा मंदा माहेरी गेली असताना मी फोन करून विचारलं, त्या बरणीतल्या तांदळाची खिचडी टाकू का? "हात लावाल तं पाहा!" ती इतक्या जोरात ओरडली की मी बिस्किटं खाऊन झोपलो. मला वाटलं, देवाचा तांदूळ असेल.

मला चौकशीत बसवलंय, पण चौकशी करण्याची अक्कल मला नाही.

काकाजींना दम लागायला लागला, तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. हातात जुन्या मलमाची चपटी डबी होती, झाकणाच्या कडेने मेणबत्तीचं मेण लावून बंद केलेली. सोबत गारगोटी आणि कानशीचा तुकडा. तळवा आडवा झाला.

"प्रकाशले सांगून फायदा नाई. तो डबाच उपडा करते. म्हणून तुले देऊन राहिलो, चौकशीबाबू. फक्त तुले. माह्या वेळेस काडेपेटी नाई, रॉकेल नाई. याच्यातूनच विस्तव पाडायचा."

"काकाजी, तुमाले काय होते?"

"होऊ दे न बावा. पण एक. उघडू नको. हवा लागली का मेली समज. त्या दिवशीच उघडायची."

माझे डोळे भरून आले. इतक्या माणसांतून, पोटच्या पोराला सोडून, त्यांनी मला निवडलं होतं. मी पाया पडलो. ते सेफ्टी शूज, टोकाला लोखंड असलेले, कपाळाला लागले.

"अन् हे कोणाले सांगू नको," ते म्हणाले.

मी सगळ्यांना सांगितलं. म्हणजे असं, की डबी कोणाला उघडून दाखवली नाही. तेवढं वचन पाळलं. पण खिशावर थाप मारून सांगितलं. लाइनीत सांगितलं, स्टेशनवर सांगितलं, काकाजींबरोबर फर्नेसला असलेल्या मेश्रामांना सांगितलं, घाटावरच्या माणसालाही एकदा सहज जाऊन सांगून आलो. म्हटलं, आमचे काकाजी येतील तेव्हा तुझी माचिस लागणार नाही. तो बिचारा म्हणाला, ठीक हे बाबू. काकाजींचं वाईट चिंतलं असा त्यात भाग नव्हता. कोणाला देवळाची किल्ली मिळते, कोणाला संघाची कॅप्टनशिप. मला डबी मिळाली होती.

काकाजी भादव्यात गेले. दुपारी जेवले, शूज घातले, खुर्चीत बसले, आणि उठले नाहीत.

मग मी कामाला लागलो. प्रकाश गोवऱ्या पेटवायला निघाला होता, त्याच्या हातातली काडी मी काढून घेतली. प्रकाश म्हणाला, "भैया, पक्का ना? बाबांचं मले काई मालूम नाई." मी खिसा थापटला. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्या एकेकाला थांबवलं. काडेपेटी? लायटर? ठेवा इथे. काकाजींची इच्छा आहे. लोकांनी आमच्या ओट्यावर ढीग केला. बिडी पिणाऱ्यांचे चेहरे उतरले, पण मेलेल्या माणसाचा शब्द म्हटल्यावर कोण काय बोलणार. मेश्रामांनीही लायटर ठेवला. "काकाजीनं तुले सांगतलं हाय तं ठीक हाय," म्हणाले.

हल्ली बायकाही घाटावर येतात. मंदा प्रकाशच्या बायकोबरोबर आली. हातात भाजीची पिशवी होती. मयतीला भाजीची पिशवी कशाला, असं माझ्या मनात आलं, पण मी महत्त्वाच्या कामात होतो.

चिता रचली गेली. आभाळ भरलेलं, हवा चिकट. प्रकाश रिकामं मडकं घेऊन उभा. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुढे झालो, डबी काढली, ती दोन्ही हातांत धरून क्षणभर डोळे मिटले. नखाने मेण खरवडलं. आत उदी, मऊ, छान कापलेली चिंधी होती. हरणाच्या कातड्यासारखी. मी ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, गारगोटीवर धरली, आणि कानस मारली.

ठिणगी पडली. चिंधीवरच पडली. आणि विझली.

पुन्हा मारली. पुन्हा. ठिणग्या पाऊस पडावा तशा पडत होत्या आणि चिंधी त्या खात होती. टिंब नाही, काही नाही. माझं बोट सोललं. मागून कोणी म्हणालं, फुंका. मी फुंकलं. चिंधी उडून खाली पडली. ती उचलून परत मारलं.

मेश्राम पुढे आले. "पाहू." त्यांनी चिंधी घेतली, दोन बोटांत चोळली, वास घेतला, उलटी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा हातमोजा हाय."

"काय?"

"फर्नेसचा हातमोजा. चामड्याचा. हे पाहा, शिलाईची भोकं. आम्ही जिंदगी काढली याच्यात, आमाले नाई समजणार का? हे तं जळू नये म्हणूनच बनवतात बे."

मी त्या तुकड्याकडे बघत राहिलो. कडेला खरंच सुईची भोकं होती, एका ओळीत. एवढे महिने हे छातीशी घेऊन झोपलो होतो, डागाच्या बरोबर वर. त्याच्यासाठी पाया पडलो होतो. काकाजींनी तळवा आडवा धरला होता, डोळ्यांत डोळे घालून 'फक्त तुले' म्हटलं होतं, आणि हातात हातमोजा दिला होता. समोर ते झोपलेले होते. त्या वेळी त्यांना उठवून जाब विचारावा असं मला वाटलं, हे मी लपवत नाही.

"माचिस काढा कोणी," एक जण म्हणाला. माणसं सवयीने खिसे चाचपायला लागली आणि एकेकजण माझ्याकडे बघायला लागला. घाटावरच्या माणसाला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "तुमन तो मना करे रहेव न, बाबू. मैं माचिस ल घर म छोड़ के आय हंव." निरोप धाडून मीच मना केलं होतं, म्हणून तो माचिस घरी ठेवून आला होता. एक पोरगा मोटरसायकल घेऊन दुकानाकडे सुटला. थेंब पडायला लागले. आणि तो घाटावरचा माणूस, आपल्या परीने मदत म्हणून, खोलीतून डबा घेऊन आला. रॉकेलचा. लाकडं ओली आहेत, माचिस आली तरी याच्याशिवाय धरणार नाहीत. प्रकाशने डब्याकडे पाहिलं. त्याचा हात पुढे झाला. काकूंच्या वेळचंच सगळं माझ्यामुळे पुन्हा होणार होतं.

"थांब रे प्रकाश."

मंदाचा आवाज होता. ती बाकावरून उठून आली, खाली बसली, पिशवीतून तांदळाची छोटी बरणी काढली. झाकण काढून तांदळात हात घातला आणि आतून एक कोरडीठाक चिंधी काढली. माझ्या चिंधीसारखीच दिसणारी. मग माझ्यापुढे नुसता हात केला. मी मुकाट्याने गारगोटी आणि कानस तिच्या हातात दिली.

तिने पदर आडोशाला धरला, आणि एकदा मारलं. दुसऱ्यांदा मारलं. लाल टिंब दिसलं. ते हळूच सरकायला लागलं. पिशवीतून नारळाची शेंडी निघाली, त्यात तिने ते ठेवलं, ओंजळीत धरलं, आणि फुंकलं. कानात बोलल्यासारखं. शेंडी फुलली. तिने ती प्रकाशच्या मडक्यात ठेवली, वर कापूर टाकला, आणि मडकं पेटतं होऊन प्रकाशच्या हातात गेलं. प्रकाश रडत होता. डबा माघारी गेला. कोणाच्याही नाकाला पदर लागला नाही.

माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

घरी येऊन आंघोळी झाल्या. ओट्यावर काडेपेट्यांचा ढीग तसाच होता. लोक येऊन आपापली निवडून नेत होते, आणि जाताना 'येतो' म्हणत होते, अगदी सांभाळून. मी पायरीवर बसलो. मंदा चहा घेऊन आली.

"कवापासून?" मी विचारलं.

"कुकर उडला तवापासून. काकाजी म्हणे, सूनबाई, त्याच्या हातून हे होत नाई. तू कर."

"अन् रसमड्याचा आंबा?"

"तुमी घरी असले का बडवता येत नव्हतं न."

"राजहऱ्याच्या म्हाताऱ्याची विद्या तुले देल्ली त्याइनं?"

मंदा माझ्याकडे बघत राहिली. "कोणता म्हातारा? मोबाईलवर पाहून शिकले ते. मीच लावून देत होती."

माझ्या चिलमीची पितळेची कडी, डोळ्यातलं फूल, सगळं त्या पायरीवर गळून पडलं. काकाजींना मी शेवटचं पाहिलं ते मला आठवलं. आदल्याच संध्याकाळी. त्यांच्या व्हरांड्यात बसले होते, शूज घालून. मी जाता जाता थांबलो. त्यांनी माझा खिसा थोपटला. "हाय न?" मी म्हणालो, "हाय, काकाजी." तळवा आडवा धरून म्हणाले, "कोणाले सांगू नको." आणि माझ्या खांद्यावरून मागे बघून त्यांनी एक डोळा मिटला. मला वाटलं, उन्हाने. मागे मंदा उभी होती, त्यांच्यासाठी चहाचा कप घेऊन.

तो मिटलेला डोळा मी अजून त्यांना माफ केलेला नाही. डबी मात्र फेकलेली नाही. का, ते मला सांगता येत नाही.

"मंग मले ते डबडं देल्लंच कावून?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "एवढे दिवस छातीशी घेऊन फिरलो मी! विस्तव तुह्याजवळ होता, तं माह्यी काय गरज होती?"

मंदाने ढिगातली एक काडेपेटी उचलली, आतल्या गॅससाठी, आणि उठता उठता म्हणाली,

"विस्तव मी एकटीनं सांभाळला असता. पण साऱ्या गावाच्या खिशातून काडेपेट्या काढाले भोंगा पाहिजे होता. काकाजी म्हणे, भोंगा आपल्या शेजारीच राहते."